नाकामागची पिशवी आणि निळ्या काठाचे कप

तीर्थरूप मावशीस,

नाक शिंकरायची बंदी असलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. खाली वाकायलाही बंदी आहे.)

तुझे गुडघे कसे आहेत? खिडकीतल्या कुंड्यांना माझ्या भावाने आणलेलं ते खत घातलंस का, की त्याच्यासमोर छान म्हणून नंतर केरात टाकलंस? आणि खालच्या मजल्यावरची मंडळी अजून छताला काठी ठोकतात का? त्यांच्याशी तुझं भांडण कुठवर आलंय तेही कळव. मागच्या वेळी तू म्हणालीस की लोकांना हल्ली दुसऱ्याचा टीव्हीसुद्धा बघवत नाही. मी त्यावर काही बोललो नाही. बोलेन.

मी बरा आहे. पण बरं होण्याच्या नावाखाली माझ्यावर जो अन्याय चालला आहे, तो आधी नोंदवतो. मावशी, मला नाक शिंकरायला मनाई आहे. वेळेवर कर भरणारा, अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला, केस पिकलेला माणूस मी. आणि जे काम शेजारचं शेंबडं पोर दिवसभर भर रस्त्यात मोकळेपणाने करतं, ते मला स्वतःच्या न्हाणीघरात दार लावूनही करता येत नाही. नाक भरतं. मी बसून राहतो. ते आपल्या मर्जीने वाहायला लागलं की रुमालाने टिपायचं, जसं दुसऱ्याच्या घरी टेबलावर सांडलेलं आपण कुणाचं लक्ष नसताना टिपतो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, असा हुकूम. तुझ्या बहिणीने मला लहानपणी कान धरून शिकवलं की शिंकताना तोंड झाकावं; आता डॉक्टरीणबाई म्हणतात, दाबलीत तर आतली ऑपरेशनची जखम उसवेल, उघडा तोंड. परवा बँकेच्या रांगेत मी असा आ वासून शिंकलो. पुढच्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं आणि एक शब्द न बोलता मला त्यांचा नंबर दिला. (तेवढा एक फायदा झाला.) बादली उचलायची नाही, जोर लावायचा नाही. बादली बायको उचलते, आणि उचलताना जो चेहरा करते तो बादलीपेक्षा जड असतो.

तू म्हणशील, हे सगळं रविवारी सांगून गेलास की. गेलो. टीव्ही चालू होता, तू चहाचं बघत होतीस आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तरीही आज पुन्हा लिहायला बसलोय, कारण तुला एक गोष्ट सांगायची होती ती त्या दिवशी तोंडावर सांगायला जमली नाही. ती वाचल्यावर तू मला पुन्हा घरात घेशील की नाही याची मला खात्री नाही, म्हणून ती मी शक्य तितकी मागे ढकलतोय. माझ्या धंद्यात याला क्लच दाबून ठेवणं म्हणतात. तोवर मूळ हकिगत ऐक. तिची सुरुवात तुझ्याच घरात झाली, आणि तूच केलीस.

तुझ्या पंचाहत्तरीचा दिवस. सगळं खानदान तुझ्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसलेलं. केक कापून झाला होता. मी तुझ्या खुर्चीशी गेलो, तुझ्या कानाशी वाकलो आणि प्रेमाने विचारलं, की मावशी, दुसरा तुकडा देऊ का. तू मान मागे घेतलीस. आणि ज्या आवाजात तू कपबशांच्या कारखान्यात चालता पट्टा थांबवायचीस त्या आवाजात म्हणालीस, ‘‘अरे, तुझ्या तोंडाला केवढी घाण येतेय! आत काही मेलंय का?’’

मावशी, आपल्या घराण्याचं आजवर कधी एकमत झालेलं नाही. मृत्युपत्रावर नाही, सहलीच्या ठिकाणावर नाही, पंख्याच्या वेगावर नाही. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी एकाच क्षणी छताकडे पाहिलं. माझा धाकटा भाऊ, जो एरवी माझी फजिती झाली की टाळी द्यायला हात शोधतो, तो छताकडे. त्याची बायको छताकडे. माझी बायको, जिच्याशी मी संसार केला, ती छताकडे. तुझ्या छताला बघण्यासारखं काय आहे? ओलीचा एक डाग. तो सगळ्यांनी इतका वेळ पाहिला की कुणालाही त्याचा नकाशा काढता आला असता. मला तुझं वाक्य लागलं नाही. तू बोलतेस तशीच बोललीस. लागलं ते हे, की एकही माणूस ‘काहीतरीच काय मावशी’ असं म्हणाला नाही.

मी हातातला केक खिडकीच्या कठड्यावर ठेवला, चपला घातल्या आणि निघून आलो. त्यानंतर मी तुझ्याकडे फिरकलो नाही हे तुझ्या ध्यानात आलं असेलच. रागावलो होतोच, पण नुसता रागावून बसणारा मी नव्हे. मी ठरवलं की रीतसर दाखला आणायचा. माझ्या धंद्यात कागदाशिवाय काही सिद्ध होत नाही. दातांच्या डॉक्टरांकडून लेखी घ्यायचं की सदर इसमाचं तोंड स्वच्छ व निर्दोष आहे, त्याला काच लावायची आणि तुझ्या पुढच्या वाढदिवसाला भेट म्हणून द्यायची. काचेचं दुकानसुद्धा बघून ठेवलं होतं.

दातांचे डॉक्टर निघाले माझेच जुने विद्यार्थी. (गाडी मागे घेताना खांब आडवा करणारे. खांबाची चूक होती असं त्यांचं अजून म्हणणं आहे.) त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर दिवा सोडला आणि एकेका दातावर लोखंडी आकड्याने टकटक करत मोठ्या समाधानाने सगळं तोंड तपासलं. म्हणाले, दात उत्तम, हिरड्या उत्तम, या वयात असं तोंड दुर्मीळ. मी तोंडातली नळी काढून म्हटलं, हेच, अगदी याच शब्दांत लिहून द्या. तर ते हातमोजे काढत म्हणाले, ‘‘लिहून देतो, सर. पण वास येतोय. तो दातांचा नाही. मागून येतोय.’’

‘‘मागून म्हणजे?’’

‘‘नाकाच्या मागून. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.’’

मी विचारलं, गाडी शिकायला येत होतात तेव्हाही येत होता? हो म्हणाले. मग तेव्हा का नाही सांगितलंत? ते बिचारे आजही खुर्चीच्या मागे सरकले. ‘‘गाडीत कसं सांगणार, सर? एक ब्रेक तुमच्याही पायाखाली होता.’’

मावशी, मी घरी जाताना गाडी बाजूला घेतली आणि तिच्यात नुसता बसून राहिलो. माझं सगळं आयुष्य त्या एका बंद गाडीत गेलं आहे, शेजारी एक घाबरलेला माणूस, दोघांमध्ये एका हाताचं अंतर. पाऊस असो, थंडी असो, माझे विद्यार्थी बसल्या बसल्या काच खाली करायचे. मला वाटायचं, नव्या पिढीला मोकळ्या हवेची आवड आहे. मी कौतुकही करायचो! शिवाय माझं खाकरणं तुला माहीत आहेच. घशात मागून सतत काहीतरी ओघळत असायचं, ते खरवडून काढायला मी दर वळणावर खाकरायचो. विद्यार्थ्यांना वाटायचं, चुकलो. ते ब्रेक मारायचे. सध्या माझ्याकडे एक वकीलबाई शिकतात. कोर्टात त्या समोरच्याला बोलू देत नाहीत म्हणे, पण माझ्या गाडीत मी खाकरलो की भर चौकात गाडी जागच्या जागी उभी. मागचे भोंगे वाजवायचे आणि मी अभिमानाने सांगायचो, बघा, माझे विद्यार्थी किती सावध! भरीत भर, शिकणाऱ्याच्या बाजूचा माझा कान कित्येक वर्षं बंद होता. पाण्यात बुडी मारल्यावर दडा बसतो ना, तसा, पण कायमचा. मला तो दडा वाटलाच नाही. मला वाटलं, हल्लीची माणसं पुटपुटतात. म्हणून मी दरडावून विचारायचो, काय? पुन्हा, काय? तिसऱ्यांदा विचारलं की काही जण रडायचे.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना म्हणजे एक अरुंद खोली. तिच्यात एक खुर्ची, कपाळावर दिवा बांधलेल्या बाई आणि भिंतीवर कानाचं एवढं मोठं चित्र, की आपण कानातच बसलोय असं वाटावं. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. बोलतात मात्र शाळेच्या मुख्याध्यापिकेसारख्या. मी आत शिरताना खाकरलो. त्या न बघताच म्हणाल्या, ‘‘किती वर्षं?’’ मी म्हटलं, आत्ताच आलो. ‘‘येणं नव्हे, खाकरणं.’’ मी म्हटलं, तो माझा स्वभाव आहे. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. ‘स्वभाव’ असं लिहिलं नसावं. मग एकापाठोपाठ एक विचारत गेल्या: तोंडाला मधूनच घाणेरडी चव येते का? डोकं मागच्या बाजूला दुखतं का? एका कानात दडा बसतो का? मी प्रत्येकाला हो म्हणत होतो आणि दर होला मला नवल वाटत होतं, की या वेगवेगळ्या तक्रारी मी वेगवेगळ्या माणसांवर ढकलल्या होत्या. चव स्वयंपाकावर, डोकं बायकोवर, कान विद्यार्थ्यांवर. त्या सगळ्यांचा पत्ता एकच निघाला.

त्यांनी नाकात एक कडू फवारा मारला. नाक, टाळू, घसा, सगळं परकं झालं. मग टोकाला दिवा असलेली एक बारीक दुर्बीण नाकातून आत, आणखी आत, जिथे आपला काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं तिथे घातली. शेजारच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. ओली गुलाबी गुहा आणि तिच्या मागच्या भिंतीवर बरोब्बर मधोमध एक गोल, गुळगुळीत, पिवळसर फुगवटा. वाटाण्यापेक्षा मोठा, द्राक्षापेक्षा लहान. दिवा पडला की चकाकायचा. मला तर तो माझ्याकडेच बघतोय असं वाटलं.

‘‘ही गाठ,’’ बाई म्हणाल्या.

या एका शब्दानंतर माणसाला पुढचं ऐकू येत नाही, मावशी. मला बराच वेळ नुसते त्यांचे ओठ हलताना दिसले. मग हळूहळू अर्थ लागला. म्हणाल्या, बघून तरी साधी वाटतेय, पाण्याच्या पिशवीसारखी. पण या वयात, एक कान बंद असताना, बघून वाटणं पुरत नाही. तिच्या पोटात काय आहे, ती मागे मेंदूच्या बाजूला कुठे जोडलेली तर नाही ना, हे कळल्याशिवाय तिला हात लावणार नाही. आधी स्कॅन करून या.

स्कॅनचं यंत्र म्हणजे एक लांबलचक नळी. त्यात मला सरकवलं आणि डोक्याभोवती जाळी बसवली. आत रस्ता फोडल्यासारखा आवाज. बाहेरून तंत्रज्ञाने बजावलं होतं की हलायचं नाही, गिळायचं नाही, खाकरायचं तर मुळीच नाही. मुळीच नाही म्हटल्यावर काय होणार? चित्र हललं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पुन्हा. तिसऱ्यांदा त्याने माइकवरून अगदी हताशपणे विचारलं, ‘‘काका, काय चुकलं माझं?’’ बघ, त्यालाही ते रागावणंच वाटलं.

चित्रात गाठ साधीच दिसली, मेंदूशी कुठे जोडलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी ते काचेवर लावून समजावून सांगितलं. आईच्या पोटात माणूस घडताना नाकाच्या मागे, टाळूच्या वर, कधीकधी एक बारीकशी खळगी बुजायची राहून जाते. बहुतेकांना ती आहे हेही जन्मभर कळत नाही. एखाद्या सर्दीत तिचं तोंड चिकटून बंद होतं, आत पाणी साचतं, पिशवी फुगते. फुगली की कानाकडे जाणाऱ्या नळीवर रेलते, म्हणून दडा. अधूनमधून पाझरते, म्हणून घशात ओघळ, म्हणून चव, म्हणून वास. त्रास नसेल तर असल्या पिशवीला कुणी हात लावत नाही. तुम्हाला आहे, म्हणाल्या. तुम्हाला म्हणजे तुमच्यासकट सगळ्यांना. मला तुझा कारखाना आठवला, मावशी. कप भाजताना मातीत हवेचा बुडबुडा राहून जातो, वरून काही दिसत नाही, चकाकी उत्तम, नक्षी उत्तम. तू लाकडी दांडकीने टिचकी मारायचीस आणि आवाज बद्द आला की सांगायचीस, हा बाजूला काढा. मी असा बुडबुडा राहिलेला कप. आजवर बाजारात कसा खपलो कोण जाणे.

त्या संध्याकाळी बायकोला विचारलं. ती ताटं पुसत होती. म्हटलं, तुला येत होता वास? येत होता, म्हणाली. मग तू उशी भिंतीकडे सरकवलीस ती पंख्याच्या वाऱ्यासाठी नाही? नाही, म्हणाली. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

‘‘आधी वाटलं, जाईल. मग वाटलं, तू असाच आहेस.’’ तिने पुढचं ताट घेतलं. ‘‘आणि सांगायचं कुणी? तुला? एक सांगितलं की सात ऐकवतोस.’’

यावर माझ्याकडे सात उत्तरं तयार होती. मी एकही दिलं नाही. (तिने ताप बघायला कपाळाला हात लावला.) मला काय वाटलं ते तुला सांगतो. माझ्या तिखट जिभेचं मला आजवर कौतुकच होतं. आपण कुणाची भीड ठेवत नाही, खरं ते तोंडावर सांगतो, असं मी चारचौघांत मिरवलं. पण जो दुसऱ्याला सगळं सांगतो त्याला कुणीच काही सांगत नाही, हा हिशोब मी कधी मांडला नव्हता. अख्खं घर, अख्खा धंदा माझ्यासमोर काचा खाली करून बसला होता, आणि मी हवेचं कौतुक करत होतो.

ऑपरेशन मोठं नव्हतं. बाहेर कुठे चिरायचं नाही, सगळं नाकातूनच. पिशवी अख्खी उपटून काढायची नाही. तिचं तोंड चांगलं ऐसपैस उघडायचं, छप्पर कापून टाकायचं, म्हणजे पुन्हा काही साठायला जागाच उरत नाही. कापलेला तुकडा तपासायला पाठवायचा. भूल देणारे डॉक्टर गप्पिष्ट होते; त्यांनी गाडीचं विचारलं आणि मी गिअर कसा टाकावा हे सांगता सांगताच गेलो. शुद्धीवर येताना मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो म्हणे, सिग्नल न देता वळलात. परिचारिकेने हे सगळ्या वॉर्डला सांगितलं. पुढच्याच दिवशी घरी सोडलं, वर बंद्यांची यादी. मिठाच्या पाण्याने नाक हलकेच धुवायचं, शिंकरायचं नाही. सुरुवातीची रड तिथलीच.

आणि मग एका सकाळी दात घासताना कानात ‘टक्’ झालं. बस. बेसिनच्या नळातून ठिबकतंय ते ऐकू आलं. बायको आत गुणगुणत होती ते ऐकू आलं; ती गुणगुणते हेच मला माहीत नव्हतं. कामावर परत गेलो (गाडीला परवानगी आहे, बादलीला नाही) तर गाडीचा इंडिकेटर टिकटिक करतो! इतकी वर्षं मी तो फक्त डोळ्यांनी बघत होतो. आणि विद्यार्थी जे पुटपुटतात तेही ऐकू आलं. त्यांनी माझं नाव ‘भोंगा’ ठेवलंय. वकीलबाई वळण चुकल्या तेव्हा मी गप्प होतो, कारण घशात काहीच नव्हतं. तर त्याच गोंधळून म्हणाल्या, सर, आज खाकरत का नाही? मला कळणार कसं कुठे थांबायचं ते? घरीही तेच. जिन्यात माझी चाहूल लागत नाही म्हणून बायको रोज दचकते. माणूस बरा झाला की आजूबाजूच्या सगळ्यांना गैरसोय होते, असा माझा अनुभव आहे.

तपासणीचा कागद शनिवारी आला. साधी गाठ, काळजीचं काही नाही. रविवारी मी तो घेऊन तुझ्याकडे आलो. दाखल्याला लावायची म्हणून ठरवलेली काच काही आणली नाही. तू दार उघडलंस, वर बघितलंस आणि मी कधी रुसलोच नव्हतो अशा थाटात म्हणालीस, ‘‘बस, चहा टाकते.’’ निळ्या काठाचे कप काढलेस, नेहमीप्रमाणे दांडकीने एकेक वाजवून पाहिलास, खणखणीत म्हणालीस. मी सगळं सांगितलं. आपण चहा प्यालो. मी आलो.

एवढंच कळवायचं होतं. तू त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोललीस त्याबद्दल माझ्या मनात आता राग नाही. तब्येतीला जप. कुंड्यांना ते खत घालच.

तुझा, आता निर्गंध,
भाचा

ता. क. तुझा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला आहे. धुतलाय.

ता. क. मावशी, क्लच सोडतो. त्या खोलीत इतकी माणसं होती. माझी बायको माझ्या शेजारी झोपते, भाऊ माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. मग सांगणारी तूच का निघालीस? तू फटकळ आहेस म्हणून, असंच मी धरून चाललो होतो. रविवारी परत येताना इंडिकेटर टिकटिक करत होता, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इतक्या जवळ तोंड नेऊन मी कुणाशीच बोलत नाही. तुझ्या कानाशी अगदी टेकून बोललो, कारण गेली दोन-तीन वर्षं आपल्याकडे सगळेच तुझ्याशी तसं बोलतात. कुणी कुणाला सांगून ठरवलेलं नाही. सगळे वाकतात. म्हणजे माझी पिशवी सापडली ती तुझ्या कानामुळे.

मी स्वतः दडा बसलेल्या कानाने जगलोय, म्हणून मला तुला सांगायचा हक्क आहे असं मी समजतो. आपल्याला कमी ऐकू येत नाही, लोकच पुटपुटतात, असं अगदी मनापासून वाटतं. टीव्हीवाल्यांनी आवाज कमी केलाय असंही वाटतं. रविवारी मी ‘गाठ’ म्हणालो तेव्हा तू ‘बरं झालं’ म्हणालीस. कॅन्सर नाही म्हणालो तेव्हाही ‘बरं झालं’. फोनवर तू आपलं बोलून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र.

डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलंय. कानाची तपासणी म्हणजे एका काचेच्या खोलीत बसायचं, कानावर हेडफोन लावायचे आणि टिक वाजली की बटण दाबायचं. दुखत नाही. कधीकधी नुसता मळ निघतो, कधी यंत्र बसवायला लागतं. ते त्या ठरवतील. पुढच्या गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन खाली उभा राहीन. वर येऊन बेल वाजवणार नाही, कारण बेल तुला... ते जाऊ दे. खिडकीतून बघ. गाडी मी चालवेन, वकीलबाई नाही.

सगळ्या कारखान्यात तुझा कान नावाजलेला होता, आणि आपल्या घरात तुला हे सांगायची कुणाची टाप नाही, हे मला कळतं. मीही रविवारी सांगितलं नाहीच. तू कप वाजवलेस तेव्हा हात नेहमीचाच होता, पण यावेळी दुसऱ्या हाताचं एक बोट तू कपाच्या काठाला टेकवून ठेवलं होतंस. पूर्वी कधी ठेवत नव्हतीस. आणि ‘खणखणीत’ म्हणताना तू कपाकडे बघत नव्हतीस. माझ्या तोंडाकडे बघत होतीस. विचारत होतीस.

मी छताकडे बघितलं. तो ओलीचा डाग आता बराच पसरला आहे.

तुझ्याकडून मला एक खरं वाक्य मिळालं, तसंच एक माझं तुला देणं राहिलंय. ते इथे देतो. खाकरून नाही, साध्या आवाजात, एकदाच.

मावशी, दुसरा कप बद्द वाजला होता.